जुन्या गाडीचा सायलेन्सर : आवाज, ताकद आणि धुराची वाट

चाकणच्या तळेगाव चौकात वाहतूक अडली की ती कधी सुटेल हे कोणी सांगू शकत नाही. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही चिंचवडहून नारायणगावला एका लग्नाला निघालो होतो. गाडी माझी, २००४ सालची मारुती एस्टीम. मागच्या सीटवर आई आणि पत्नी. आईचे वय तेव्हा ७८. ऊन आणि धूळ म्हणून काचा बंद, एसी चालू. मोशी सोडल्यापासून गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. तासाभराने आई म्हणाली, "अरे, डोकं फार ठणकतंय, मळमळतंय." पत्नीलाही तसेच होत होते. "गाडी लागली असेल," असे आईच म्हणाली, आणि आपल्यामुळे थांबावे लागते याचा संकोचही तिलाच वाटला. राजगुरुनगरच्या अलीकडे रस्त्याकडेला गाडी लावली, चारही दारे उघडली. अर्धा तास झाडाखाली बसल्यावर दोघींना बरे वाटले.

माझ्या आईने उभे आयुष्य एस.टी.ने घाटातून प्रवास केला आहे. तिला कधी गाडी लागली नव्हती. हा विचार मनातून जाईना. मग आठवले की साडेतीन महिन्यांपूर्वी मी गाडीला नवा 'फ्री फ्लो' सायलेन्सर बसवून घेतला होता.

मी अभियंता नाही. भोसरी एमआयडीसीतील एका लघुउद्योगात २६ वर्षे स्टोअर सांभाळले. नळ्या, फ्लँज, गॅस्केट, नटबोल्ट यांची आवक-जावक लिहिली. ते कशासाठी असतात हे फारसे विचारले नाही. त्या मे महिन्यानंतर मात्र वाचले, मोजले, जाणत्या माणसांना विचारले. जुन्या गाडीचा एक्झॉस्ट बदलताना काय निवडावे, याविषयी जे हाती लागले ते इथे मांडतो.

आपल्याच दारात असलेले ज्ञान

वाहनाच्या धुराविषयीचे ज्ञान देशात जिथे एकवटले आहे, त्या ठिकाणांत आपला पट्टा येतो. वाहनांची मान्यता-चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. रस्ता परिवहनावर काम करणारी सीआयआरटी भोसरीत आहे. पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, आणि २००९ पासून चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीज यांचे कारखाने. या सर्वांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये रोज पाइप वाकवले जातात, सायलेन्सरचे डबे जोडले जातात. नव्या गाडीचा पाइप किती जाड, किती लांब, त्याचे टोक कुठे, हे सारे मोजून ठरते.

पण गाडी वीस वर्षांची झाली की हे ज्ञान मालकाच्या कामी येत नाही. माझ्या गाडीचे उत्पादन बंद होऊन पंधराहून अधिक वर्षे झाली. अशा गाड्यांचे भाग शोधायला आम्ही चिखली-कुदळवाडीच्या भंगार बाजारात जायचो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली. बांधकामे अनधिकृत होती आणि आगी लागत होत्या, हे खरेच. पण त्यांच्याबरोबर जुन्या गाड्यांचा एक आधारही गेला. आता मालकापुढे बहुधा दोनच वाटा राहतात. सडलेल्या पाइपावर ठिगळ मारत राहायचे, किंवा गॅरेजवाला जे 'अपग्रेड' सुचवेल ते मान्य करायचे. मी दुसरी वाट धरली होती.

"काका, कॅट काढून टाकतो, गाडी मोकळी श्वास घेईल. जुना माल आमच्याकडे राहू द्या, मजुरीत सूट देतो," असे त्या गॅरेजवाल्याने सांगितले. मी हो म्हणालो. दोष निम्मा माझा आहे, कारण मी एकही प्रश्न विचारला नाही.

हा पाइप नेमके काय करतो

इंजिनापासून मागे गेलो तर आधी मॅनिफोल्ड येतो. चार सिलिंडरचा धूर तो एकत्र करतो. नंतर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कॅट. मग मधला पाइप, बहुतेक गाड्यांत एक छोटा डबा म्हणजे रेझोनेटर, शेवटी मोठा डबा म्हणजे सायलेन्सर, आणि बाहेर डोकावणारे टोक.

या रांगेची कामे चार आहेत : धूर इंजिनाबाहेर सहज जाऊ देणे, आवाज मारणे, विषारी वायू कमी करणे, आणि उरलेला धूर माणसांपासून दूर नेऊन सोडणे. 'अपग्रेड' विकणारा पहिल्या कामाबद्दलच बोलतो. निवड मात्र चारही कामांचा विचार करूनच करावी लागते.

ताकदीचा हिशेब

पाइप रुंद केला की ताकद वाढते, हे अर्धसत्य आहे. कागद-पेन्सिल घेऊन ते तपासता येते.

१३०० सीसीचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला सुमारे ५५ लिटर हवा ओढते. तीच हवा धूर होऊन साडेपाचशे-सहाशे अंशांना बाहेर पडते तेव्हा फुगून तिचे आकारमान सुमारे १५५ लिटर होते. पाइप आतून ४० मि.मी. असेल तर धुराचा वेग सेकंदाला १२३ मीटर भरतो. ४५ मि.मी.ला तो ९७, ५० मि.मी.ला ७९ आणि ६० मि.मी.ला ५५ मीटर होतो.

धुराची मात्रा तीच ठेवली, तर पाइपातील दाबाचा तोटा ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होतो. ४० ऐवजी ४५ मि.मी. केले तर तोटा ५५ टक्क्यांवर येतो. ५० केले तर ३३ टक्क्यांवर, ६० केले तर १३ टक्क्यांवर. म्हणजे पहिल्या पाच-दहा मि.मी.तच बहुतेक फायदा पदरात पडतो. त्यापुढे फक्त जाडी, वजन आणि आवाज वाढतो.

हा फायदा अश्वशक्तीत किती? समजा मागचा दाब १० किलोपास्कलने उतरला. ८५ अश्वशक्तीचे १३०० सीसी इंजिन पूर्ण ताकदीवर चालते तेव्हा त्याचा सरासरी परिणामी दाब ९६० किलोपास्कलच्या आसपास असतो. त्यातले १० म्हणजे एक टक्का. सिलिंडरमध्ये मागे राहणारा जळका वायू थोडा कमी होतो, त्याचा लाभ धरला तरी हिशेब दीड-दोन टक्क्यांपुढे जात नाही. म्हणजे एक-दोन अश्वशक्ती, आणि तीही पॅडल पूर्ण दाबून ६००० फेऱ्यांना. नाशिक फाट्यावर दुसऱ्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीत धूर मुळातच इतका थोडा असतो की मूळ पाइपही त्याला अडवत नाही. तिथे फायदा शून्य.

आणखी एक समजूत नेहमी ऐकू येते : "इंजिनाला बॅक-प्रेशर लागतंच." तेही बरोबर नाही. मागचा दाब इंजिनाला कधीच उपयोगाचा नसतो. उपयोग होतो तो लाटांचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपात धावते, आणि रुंद जागेपाशी पोहोचली की कमी दाबाची लाट होऊन परत येते. ती नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. हे गणित मॅनिफोल्डच्या नळ्यांच्या लांबी-रुंदीवर अवलंबून असते. मागच्या डब्याचा त्यात वाटा फार थोडा. म्हणून शेवटचा डबा बदलून 'पिकअप' वाढला असे वाटते, तेव्हा बहुधा वाढलेला असतो तो आवाज. कान आणि पाठ मिळून आपल्याला फसवतात. मीही पहिले पंधरा दिवस फसलो होतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, उदाहरणार्थ प्रीमियर पद्मिनीत, आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाइप फार मोकळा केला तर हवा-पेट्रोलचे प्रमाण थोडे बदलू शकते. ते पुन्हा जुळवून घेणारा संगणक त्या गाडीत नसतो. जेट तपासणारा जुना कारागीरच लागतो.

आवाज

आवाज मारण्याच्या मुख्य पद्धती दोन. कंपनीच्या डब्यात बहुधा कप्पे असतात. आवाजाची लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना परतते आणि आपल्याच दुसऱ्या लाटेला खोडते. 'फ्री फ्लो' डब्यात सरळ आरपार भोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचलोकर भरलेली असते. ही लोकर तीक्ष्ण आवाज चांगला शोषते, पण खर्जाला तिचा फारसा इलाज नाही. शिवाय काही वर्षांत ती जळून, उडून जाते. बसवताना गोड वाटलेला आवाज नंतर फाटका होतो तो त्यामुळे.

खर्जाचा प्रश्न लांबच्या प्रवासात छळतो. चार सिलिंडरचे इंजिन दर फेऱ्याला दोनदा धूर सोडते. मिनिटाला २७०० फेरे म्हणजे सेकंदाला ९० ठोके, म्हणजेच ९० हर्ट्झ. महामार्गावरच्या वेगाला हाच घुमारा केबिनमध्ये भरतो. तो मारायला बाजूला बंद टोकाची नळी जोडता येते, तिची लांबी लाटेच्या पाव हिस्सा हवी. ३०० अंशांच्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर. म्हणजे नळी १.३३ मीटरची. लहान गाडीच्या पोटाखाली एवढी जागा कुठे? म्हणूनच कंपन्या मोठ्या आकारमानाचा डबा आणि मधला रेझोनेटर ठेवतात. रेझोनेटर काढून तिथे सरळ पाइप टाकणे ही या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

शेजाऱ्यांचाही विचार करायला हवा. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचा जिना सरळ नसतो : ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. आपल्याकडे तीन पाळ्यांत कारखाने चालतात. रात्रपाळी करून सकाळी झोपणारा माणूस प्रत्येक इमारतीत आहे, हे मला सांगायला नको.

कॅट : न दिसणारा भाग

पेट्रोल जळताना थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते. डोके दुखणे, मळमळणे, ग्लानी ही त्याची पहिली लक्षणे आहेत. ती गाडी लागल्यासारखीच दिसतात, आणि माणूस फसतो तो इथेच.

१ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला. शिसे कॅटला मारते, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आधी तिथे आणि २००० सालापासून देशभर आले. कॅटच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असतात, त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. अडीचशे-तीनशे अंशांना तो तापला की काम सुरू करतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतो. या धातूंमुळेच जुन्या कॅटला भंगारात भाव आहे. मला मजुरीत मिळालेल्या सुटीचे कारण हे होते.

कॅट अडथळा करतो का? चांगला असेल तर अगदी थोडा. तो बंद पडतो तेव्हा कारण बहुधा इंजिनात असते. एखादा प्लग पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळते आणि पोळे वितळते. अशा वेळी पाइप बदलून उपयोग नाही, आधी प्लग आणि कॉइल पाहायची. कॅट तुंबला आहे का, हे ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात दाबमापक लावून कळते. इंजिन आयडलला असताना सुमारे १० किलोपास्कल आणि २५०० फेऱ्यांना सुमारे २० किलोपास्कल यांच्या खाली दाब असावा, असा कार्यशाळांचा ढोबळ नियम आहे. या तपासणीला अर्धा तास लागतो. 'अपग्रेड'चा विचार करण्याआधी ती करावी. कित्येकदा गाडी मंद का झाली याचे उत्तर तिथेच मिळते.

धातू : चुंबकावर विसंबू नका

एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. ते वाफ होऊन जाते, पण पाइप पुरेसा तापला नाही तर आतच साचते. घर ते बाजार, घर ते शाळा अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून सडतो तो यामुळे.

साधा लोखंडी पाइप स्वस्त, पण लवकर सडतो. त्यावर ॲल्युमिनियमचा थर दिलेला पाइप बराच टिकतो. त्यापुढे स्टेनलेस स्टील. कंपन्या बहुधा ४०९ जातीचे वापरतात. त्यात क्रोमियम सुमारे ११ टक्के. ३०४ जातीत १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते सर्वांत टिकाऊ आणि महाग.

चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नव्हे, असे दुकानात सांगितले जाते. ते चूक आहे. ४०९ ला चुंबक चिकटतोच. उलट ग्रिल आणि रेलिंगसाठी मिळणारा २०२ जातीचा चकचकीत पाइप चुंबकाला चिकटत नाही, पण त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते. एक्झॉस्टच्या उष्णतेला आणि आंबट पाण्याला तो ३०४ सारखा पुरा पडत नाही. माझा 'फ्री फ्लो' पाइप 'एस.एस.' म्हणून विकला गेला होता. चुंबक त्याला चिकटत नव्हता आणि मी खूश होतो. चार महिन्यांत सांध्यांवर तांबूस ओघळ आले. म्हणून बिलावर धातूची जात लिहून मागावी. ४०९ वर वरवर तपकिरी डाग पडतात, ते पाहून घाबरू नये. तो गंज सहसा खोल जात नाही.

धातू तापला की वाढतो हेही ध्यानात ठेवायचे. तीन मीटरचा ३०४ चा पाइप ३०० अंशांनी तापला तर सुमारे १५ मि.मी. लांबतो, साधे लोखंड ११ मि.मी. म्हणून पाइप रबरी कड्यांवर टांगलेला असावा आणि इंजिनानंतर लवचीक फ्लेक्स असावा. वेल्डिंगने चॅसिसला पक्का केलेला पाइप कुठे ना कुठे तडकणार.

सांधे आणि टोक

इथे मी माझ्या मूळ प्रश्नाशी येतो. पाइप वाकवण्याच्या दोन पद्धती आहेत. प्रेसवर वाकवला की वळणावर तो चेपतो आणि ४५ मि.मी.चा पाइप तिथे जेमतेम ३८-४० चा उरतो. आत मँड्रेल घालून वाकवला तर व्यास कायम राहतो. आपल्या पट्ट्यात मँड्रेलची यंत्रे आहेत, पण ती मोठ्या ऑर्डरवर चालतात. सांधा शक्यतो आर्गन वेल्डिंगचा घ्यावा. स्टेनलेसवर साध्या रॉडने टाके मारले तर पाइप शाबूत राहतो आणि सांधा सडतो.

सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला गळती असेल तर वेगळाच घोटाळा होतो. धूर ठोक्याठोक्याने जातो. दोन ठोक्यांच्या मध्ये दाब उतरला की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते मिश्रणात पेट्रोल कमी आहे, संगणक पेट्रोल वाढवतो आणि मायलेज घसरते.

आणि टोक. माझ्या गाडीचे टोक कापून मागच्या बंपरच्या आत, डिकीच्या खाली संपवले होते. 'लपलेले' दिसावे म्हणून. गाडी उभी असली की धूर तिथेच साचतो. वीस वर्षांत डिकीचे रबर कडक होऊन फाटले होते, फरशीतील एक रबरी बूच निघाले होते. कॅट नव्हता, म्हणून धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त. टोक आत, म्हणून तो गाडीखाली. रबर फाटके, म्हणून तो मागच्या सीटवर. चौकात तास-तास उभे राहणे त्यात भर घालणारे.

त्या दिवशी मोजमाप कोणी केले नव्हते. पण नंतर मी कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे उपकरण विकत आणले. मोकळ्या मैदानात, आत कोणी नसताना, काचा बंद करून गाडी आयडलला ठेवली आणि मागच्या सीटवरचा आकडा बाहेरून काचेतून पाहत राहिलो. वीस मिनिटांत तो तीन आकडी झाला. जागतिक आरोग्य संघटनेची एका तासाची मार्गदर्शक मर्यादा घनमीटरला ३५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३० पीपीएम आहे. मी इंजिन बंद केले, दारे उघडली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. नियम ११३ प्रमाणे एक्झॉस्टचा पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मि.मी.च्या आत नसावा. नवा पाइप रुंद असला की हे अंतर नकळत कमी होते, म्हणून ते पट्टीने मोजावे. आवाज आणि हवाप्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्ष तडजोडीची रक्कम राज्य ठरवते. आवाजाच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील अनेक शहरांतून आपण वाचतो.

पीयूसीत बीएस-२ व बीएस-३ पेट्रोल मोटारींसाठी आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. बीएस-४ पासून ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. कॅट काढलेली गाडी यात बसणे फार कठीण. तरीही मधल्या काळात माझ्या हातात प्रमाणपत्र होते. तपासणीची नळी पाइपात घातली गेली होती की नाही, हे मी पाहिलेच नव्हते. आता पाहतो.

मी शेवटी काय निवडले

भोसरीत पाइप वाकवण्यात हयात घालवलेले एक निवृत्त कारागीर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी माझी गाडी वर घेतली, टॉर्च मारला आणि विचारले, "तुम्हाला आवाज पायजे का गाडी पायजे?" मी म्हणालो, "मामा, गाडी पायजे."

मॅनिफोल्ड तोच ठेवला, त्याची गॅस्केट नवी टाकली. १३०० सीसीला पुरेल असा नवा कॅट इंजिनाच्या जवळ बसवला, म्हणजे तो लवकर तापेल. त्यापुढे फ्लेक्स. पाइप आतून ४५ मि.मी., ४०९ जातीचा, मँड्रेलवर वाकवलेला. अशी नळी सुटी मिळायला मामांना तीन आठवडे लागले. मध्ये रेझोनेटर, मागे कप्प्यांचा सायलेन्सर, टोक मूळ जागी, बंपरच्या कडेच्या किंचित बाहेर. डिकीचे रबर आणि फरशीची बुचे नवी. बिल 'फ्री फ्लो'च्या दीडपट झाले. गाडी पूर्वीपेक्षा वेगवान झाली असे मी म्हणणार नाही. मायलेज अकरावरून साडेतेरावर आले. पण एका गाडीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, त्यातला मोठा वाटा गळती थांबल्याचा असणार. मागच्या सीटवरचा आकडा मात्र शून्यावरून हलत नाही, आणि मला तोच हवा होता.

ज्यांना बदल करायचाच आहे त्यांनी क्रम असा ठेवावा. आधी गळती आणि तुंबलेला कॅट तपासा. मग कंपनीच्या मापाचा बदली भाग मिळतो का ते पाहा. नाही मिळाला तर व्यास मूळापेक्षा फार तर पाच-दहा मि.मी. वाढवा. धातूची जात बिलावर घ्या. कॅट, सेन्सर आणि रेझोनेटर काढू देऊ नका. टोक पूर्ण बाहेर काढा. शेवटी पीयूसी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

दिवाळीला आपल्यापैकी अनेकजण जुन्या गाड्या काढून गावी निघतील, वाटेत चाकणला थांबतीलही. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी उघड्यावर उभी असताना एक साधी गोष्ट करा. गाडी चालू करा, जाड फडके दुमडून पाइपाचे टोक क्षणभर दाबून धरा. पाइप घट्ट असेल तर दाब हाताला जाणवेल आणि इंजिन गुदमरेल. कुठे 'फुस्स' ऐकू आले तर तिथे गळती आहे. ती बुजवूनच निघा. आणि वाटेत मागच्या सीटवरचे कोणी म्हणाले की डोके दुखतेय, मळमळतेय, तर गाडी लागली म्हणून गोळी देण्याआधी काचा उघडा.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या महिन्यात नारायणगावपर्यंत ती मागच्या सीटवर शांत झोपून आली. ते उपकरण अजून तिच्या सीटच्या कप्प्यात असते. ते कशासाठी, हे मी तिला सांगितलेले नाही.